‘समाज’ म्हणजे कोण? भाषांतरित प्रश्नावली मुलांपर्यंत नेताना

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. किशोरवयीन मुलांची खंबीरता, म्हणजे इंग्रजीत जिला रेझिलियन्स म्हणतात ती, मोजणारी २५ विधानांची इंग्रजी प्रश्नावली तुम्ही मराठीत आणली. त्यात चार विधानं उलट अर्थाची आहेत. दुसऱ्या एका जाणकाराकडून मराठीचं पुन्हा इंग्रजी करून घेतलं, ते मुळाशी छान जुळलं. मग सोलापुरातल्या दोन शाळांत, नववीच्या चार तुकड्यांतल्या २१२ मुलामुलींकडून ती भरून घेतली. क्रॉनबॅक अल्फा, म्हणजे विधानं एकमेकांशी किती सुसंगत आहेत ते सांगणारा आकडा, आला ०.६१. गाईडचं म्हणणं, कमकुवत विधानं एकेक करून काढा आणि ०.७० ओलांडला की पुढे चला. तुम्हाला दोन गोष्टी हव्या आहेत: किती विधानं काढलेली चालतील, आणि २१२ हा नमुना पुरेल का.

मी २२ वर्षं सोलापुरात मानसशास्त्र शिकवते आणि त्यातली बरीच वर्षं शाळांमध्ये चाचण्या घेण्यात गेली आहेत. त्यावरून सांगते: आज एकही विधान काढू नका. आणि २१२ अंतिम कामाला पुरणार नाहीत, पण ते कागद जपून ठेवा, त्यांचा मोठा उपयोग आहे.

तुमची खरी अडचण अल्फाची नाहीच. मूळ लेखकाने जे विचारलं, तेच विडी घरकुलातली किंवा साखर पेठेतली मुलगी वाचते आहे का, हे तुम्हाला अजून माहीत नाही, आणि ते कुठलंही सॉफ्टवेअर सांगणार नाही. वैधता (जुन्या पुस्तकांत सप्रमाणता) हा प्रश्नावलीच्या कागदाला चिकटलेला गुण नसतो. या मुलांच्या या गुणांवरून आपण जो अर्थ काढणार, त्या अर्थाला पुरावा आहे की नाही, हा तिचा विषय. म्हणून इंग्लंड-कॅनडात ती ‘सिद्ध’ झालेली असली तरी सोलापुरात हा पुरावा नव्याने गोळा करावा लागतो.

तरी अल्फापासूनच सुरुवात करते, कारण तुमच्या आकड्यात एक इशारा लपलेला आहे. विधानांची संख्या वाढली की अल्फा आपोआप वाढतो. २५ विधानांमधला सरासरी सहसंबंध (दोन विधानांची उत्तरं किती जोडीने वर-खाली होतात त्याचं माप) अवघा ०.१० असला, तरी प्रमाणित अल्फा साधारण ०.७४ येतो. उलट सहाच विधानं असतील, तर ०.७२ पर्यंत जायला सरासरी सहसंबंध ०.३० लागतो. आता तुमचा ०.६१ उलटा सोडवून पाहा: २५ विधानांचा सरासरी सहसंबंध जेमतेम ०.०६ निघतो. म्हणजे विधानं एकमेकांशी जवळजवळ बोलतच नाहीत. दोन-तीन विधानं वाईट असल्याने असं होत नाही, काहीतरी मुळात बिघडलेलं असतं.

पहिला संशय अगदी साधा. चार उलट विधानांचे गुण उलटवले का? पाचचा एक, चारचा दोन. हे राहून जातं, चांगल्या चांगल्या प्रबंधांतही राहून गेलेलं मी पाहिलंय. तेवढं केल्यावर अल्फा झटकन वर गेला, तर निम्मं कोडं तिथेच सुटलं. दुसरा संशय: तुमच्या मूळ प्रश्नावलीत तीन-चार वेगळे घटक असतील (स्वतःची जिद्द, घरचा आधार, मित्र, शाळा), तर सगळ्यांचा मिळून एकच अल्फा काढणं चुकीचं आहे. प्रत्येक घटकाचा स्वतंत्र काढा, आणि जमलं तर सोबत ओमेगा हा अल्फासारखाच दुसरा आकडाही द्या. सगळी विधानं त्या गुणाशी सारख्याच प्रमाणात जोडलेली असतात, हे अल्फाचं गृहीतक. ओमेगाला ते लागत नाही.

विधानं काढत आकडा गाठण्याला माझा विरोध का, तेही सांगते. तुम्ही जी विधानं काढाल, ती या २१२ मुलांच्या योगायोगाने कमकुवत दिसलेली असू शकतात. नवीन मुलं घेतली की वेगळीच विधानं कमकुवत ठरतील. आणि त्याहून वाईट म्हणजे, बहुतेक वेळा कात्री लागते ती घर आणि वस्तीबद्दलच्या विधानांना. उरतात ती ‘मी जिद्दी आहे, मी हरत नाही’ छापाची. आकडा सुधारतो, पण मोजायचं होतं ते हरवतं. खंबीरतेच्या अभ्यासाचा पाया ज्यांनी घातला त्या एमी वर्नर यांनी हवाईच्या कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा दशकानुदशकं मागोवा घेतला. बिकट परिस्थितीत वाढलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं पुढे सक्षम, आत्मविश्वासू माणसं झाली. ती टिकली त्यामागे त्यांचा स्वभाव होता तशीच त्यांना जीव लावणारी आजी, शिक्षक, शेजारीही होते. तो भाग कापून टाकलात तर प्रश्नावली अर्धीच राहते.

आता मुख्य मुद्द्याकडे येते, शब्दांकडे.

काही वर्षांपूर्वी अशाच एका कामात ‘माझ्या समाजातील लोक अडचणीत मला मदत करतात’ असं विधान होतं. मूळ इंग्रजी शब्द कम्युनिटी. उलट भाषांतर करणाऱ्याने ‘समाज’चं पुन्हा कम्युनिटी केलं, सगळं तंतोतंत जुळलं, आम्ही खूश. नंतर सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत आठवीच्या मुलीला शेजारी बसवून विचारलं, ‘हे वाचताना तुझ्या डोळ्यांसमोर कोण आलं?’ ती म्हणाली, ‘आमच्या समाजाचं कार्यालय आहे ना, तिथले लोक. पण ते मदत करत नाहीत, तिथं फक्त लग्नं होतात.’ दुसरी म्हणाली, ‘आमच्या समाजाचे इथं कुणीच नाहीत, सगळे गावाकडं.’ तिने ‘अजिबात नाही’वर खूण केली होती. त्याच मुलीची आई विड्या द्यायला कारखान्यात गेली की तिला आणि तिच्या भावाला शेजारची मावशी जेवू घालत होती, रोज. आपल्याकडे ‘समाज’ म्हणजे बोलताना जात. हे आपल्याला सगळ्यांनाच माहीत असतं, पण प्रश्नावली लिहिताना आपण पुस्तकी मराठीत शिरतो आणि विसरतो. आम्ही ते विधान ‘आमच्या गल्लीतले, वस्तीतले लोक’ असं केलं आणि उत्तरांचं चित्रच बदललं.

उलट भाषांतराची मर्यादा इथे स्पष्ट दिसते. भाषांतर करणारे दोघेही शिकलेले, दोघांनाही दोन्ही भाषा येतात, दोघांच्या डोक्यात तोच शब्दकोश. त्यांचं एकमत झालं म्हणजे मुलांना कळलं असं होत नाही. १९७० च्या सुमारास ब्रिस्लिन यांनी ही पद्धत रूढ केली, ती टाकून द्यावी असं मी म्हणत नाही. ढोबळ चुका तिथे पकडल्या जातात. पण ती पहिली पायरी आहे आणि तुमचं काम तिथेच थांबलेलं दिसतंय.

असे आणखी काही शब्द सांगते, तुमच्या मसुद्यात ते आहेत का पाहा. ‘मोठी माणसं माझं ऐकून घेतात’: एका मुलाने सांगितलं, ‘आमची मोठ्या माणसांशी ओळख नाही.’ त्याच्या लेखी मोठी माणसं म्हणजे पैसेवाले, पुढारी. ‘वयाने मोठं, विश्वासातलं कुणीतरी’ असं लिहिलं की गोंधळ मिटतो. ‘माझ्या आयुष्यावर माझा ताबा आहे’ यावर भाड्याच्या खोलीत राहणारी मुलगी म्हणाली, ‘ताबा मालकाकडं असतो.’ ‘मला स्वतःचा अभिमान वाटतो’ यावर घरात चांगल्या वळणात वाढलेली मुलं मुद्दाम खालचा पर्याय निवडतात, कारण स्वतःची स्तुती करणं त्यांना बरं वाटत नाही. ‘कठीण प्रसंग’ म्हटलं की काहींना घरातला मृत्यू आठवतो, काहींना गणिताचा पेपर. विधानाच्या आधी ‘कठीण म्हणजे घरची भांडणं, आजारपण, पैशाची तंगी, नापास होणं, अशी कुठलीही गोष्ट’ एवढं सांगितलं तर सगळे एका जमिनीवर येतात. अर्थात मूळ लेखकाने अशी सूचना दिलेली नसेल, तर त्यांना विचारून.

आणि खुद्द नाव! शीर्षकात ‘लवचिकता’ असेल तर काढा. वह्यापुस्तकांत तो शब्द शारीरिक शिक्षणाच्या तासाचा आहे. मुलांच्या कागदावर नावाची गरजच नाही, ‘माझ्याबद्दल थोडंसं’ एवढं पुरतं. प्रबंधात मी ‘खंबीरता’ वापरते. चिवटपणा, काटकपणा, उभारी, प्रत्येकाची छटा वेगळी, आणि त्यावर तुमच्या गाईडशी चर्चा होऊ द्या.

मराठीची एक अडचण इंग्रजीत नाहीच, ती म्हणजे क्रियापदाचं लिंग. ‘मी प्रयत्न करतो/करते’ अशी तिरकी रेघ मारून आपण मोकळे होतो. पण २५ विधानांत २५ वेळा मुलीने आधी मुलाचं रूप वाचायचं, मग स्वतःचं, यात तिची लय तुटते आणि कागद आपल्यासाठी नाही अशी भावना येते. त्यातून सुटायचे मार्ग आहेत, पण प्रत्येकाला किंमत आहे. ‘मला जमतं’ असं केलं तर लिंग जातं, पण अर्थ ‘करणं’ऐवजी ‘करता येणं’ होतो. ‘मी करेन’ म्हटलं तर ते वचन होतं. ‘मी हार मानत नाही’ मात्र दोघांनाही चालतं. जिथे मूळ विधान क्षमतेबद्दल आहे तिथे मी ‘मला जमतं’ वापरते. बाकीच्यांसाठी मुलांचा आणि मुलींचा असे दोन वेगळे कागद छापते, क्रियापद सोडून शब्दन् शब्द सारखा. छपाईचा खर्च थोडा वाढतो, तो मला योग्य वाटतो.

उत्तरांचे पर्याय हा तुमच्या ०.६१ मागचा मोठा गुन्हेगार असू शकतो. ‘पूर्णतः असहमत, अंशतः असहमत’ ही भाषा नववीतल्या मुलाच्या तोंडी कधी ऐकलीय? त्यातून उलट विधान आलं की दुहेरी नकार होतो: ‘संकटातून सावरायला मला जमत नाही’ याला असहमत! मुलं इथे हमखास चुकतात, चांगली वाचणारीसुद्धा. ‘अजिबात नाही, थोडंसं, मध्यम, बऱ्यापैकी, खूप’ अशी बोली पायरी घ्या, सोबत रिकाम्यापासून भरलेल्या पेल्यापर्यंतची चित्रं. मात्र एक पथ्य पाळा: मूळ प्रश्नावली ‘किती सहमत’ विचारते, ‘किती वेळा’ विचारते की ‘किती प्रमाणात’, ते बदलू नका. ‘नेहमी’ आणि ‘खूप’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उलट विधानं मूळ लेखकाच्या परवानगीशिवाय सरळ करू नका, पण ती स्वतंत्र गट करून बसतात का हे विश्लेषणात जरूर पाहा. बसली, तर तो बहुतेक वाक्यरचनेचा परिणाम असतो, खंबीरतेचा घटक नव्हे.

हे सगळं सापडतं ते मुलांशी समोरासमोर बसून. याला कॉग्निटिव्ह इंटरव्ह्यू म्हणतात, पण नावाला घाबरू नका. आठ-दहा मुलं, प्रत्येकाला वेगळं, अर्धा-पाऊण तास. मुलं मुद्दाम वेगवेगळी निवडा, विशेषतः घरच्या भाषेने. सोलापुरात मराठी माध्यमाच्या एकाच बाकावर घरी तेलुगू बोलणारं, कन्नड बोलणारं आणि दख्खनी उर्दू बोलणारं मूल बसलेलं असतं. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडे गेलात तर कन्नड आणखी गडद होते. मराठी हीच त्यांच्या अभ्यासाची भाषा असते, पण मनातलं बोलायची भाषा दुसरी असू शकते. ‘कळलं का?’ असं कधीही विचारू नका, मूल ‘हो’च म्हणतं. विचारा: ‘हे तुझ्या धाकट्या बहिणीला कसं सांगशील?’ ‘वाचताना कोण आठवलं?’ ‘तू हा पर्याय निवडलास, याच्या शेजारचा का नाही?’ शेवटचा प्रश्न सर्वांत जास्त देतो. मूल अडखळलं, परत वाचायला लागलं, तिथे पेन्सिलने खूण करा. एक फेरी झाली की शब्द सुधारा आणि नवीन मुलांबरोबर दुसरी फेरी करा. माझ्या अनुभवात दोन फेऱ्यांत मोठे घोटाळे निघून जातात, कधी तिसरी लागते. सोबत पाच-सहा जाणकारांकडून (शाळेचे समुपदेशक, मराठीचे शिक्षक, बालरोगतज्ज्ञ) प्रत्येक विधान किती समर्पक आहे ते गुण देऊन घ्या. पण जाणकार आणि मूल यांच्यात मतभेद झाला, तर शब्दांच्या बाबतीत मी मुलाचं ऐकते.

म्हणजे आत्तापर्यंतचं एवढं: उलट गुण तपासा, घटकवार अल्फा काढा, शब्द आणि पर्याय मुलांबरोबर बसून दुरुस्त करा, आणि मगच नवीन नमुना.

त्या नमुन्याचं थोडक्यात सांगते. ‘एका विधानामागे दहा मुलं’ हा ढोबळ नियम आहे. किती घटक, विधानं घटकाशी किती घट्ट जोडलेली, यावर खरी संख्या ठरते. पण तुमची अडचण संख्येपेक्षा तुकड्यांची आहे. एका वर्गातली मुलं एकमेकांसारखी असतात. समजा वर्गातलं साम्य ०.०५ इतकंच आहे आणि तुकडीत ५३ मुलं आहेत. तर सरासरीसारख्या अंदाजांतली अनिश्चितता (विचरण) १ + ५२ × ०.०५, म्हणजे ३.६ पट होते. २१२ मुलं जवळपास ५९ स्वतंत्र मुलांइतकीच माहिती देतात. म्हणून चार तुकड्या भरभरून घेण्यापेक्षा दहा-बारा शाळांतून थोडी थोडी मुलं घ्या: शहर, विडी कामगारांच्या वसाहती, मंगळवेढा किंवा सांगोल्याकडचं एखादं गाव. ४००-५०० झाली तर मुलगे-मुली अशी तुलनाही नीट करता येईल. रचना मूळ लेखकाने दिलेली असेल, तर आधी तीच कन्फर्मेटरी घटक विश्लेषणाने (ठरलेली रचना आकड्यांत बसते का ते पाहणारं) तपासा. उत्तरं पायऱ्यांची आहेत हे सॉफ्टवेअरला सांगा. आर या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमधलं लव्हान पॅकेज फुकट आहे आणि ते हे करतं. रचना बसली नाही तर एक्सप्लोरेटरी (आकड्यांतूनच रचना शोधणारं) करा, पण मग नवी रचना सिद्ध करायला वेगळी मुलं हवीत, त्याच मुलांवर दोन्ही नको. रचना किती बसली हे सांगणारे दोन निर्देशांक, सीएफआय (जास्त तितका चांगला) ०.९५ आणि आरएमएसईए (कमी तितका चांगला) ०.०६, या रेषा १९९९ च्या एका अभ्यासातून आल्या आहेत आणि त्या दिशादर्शक आहेत. थोडं हुकलं म्हणून काम वाया जात नाही, मात्र का हुकलं ते लिहा. मग मुलगे-मुली, आणि मराठी-तेलुगू-कन्नड घरं, यांत विधानं सारखीच चालतात का ते पाहा. हा भाग सोडून ‘मुलींची खंबीरता कमी’ असं लिहिलेले प्रबंध मी वाचले आहेत. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण तिथे कदाचित फक्त वाक्य कमी पडलेलं असतं.

इतर मापनांशी संबंध पाहताना अपेक्षा आधी लिहून ठेवा. रोझेनबर्गच्या आत्मसन्मान श्रेणीशी मध्यम संबंध, उदासीनतेच्या लक्षणांशी उलटा. आत्मसन्मानाशी ०.८० आला तर आनंदू नका, तुम्ही तीच गोष्ट दुसऱ्या नावाने मोजताय. आणि ‘गरीब वस्तीतल्या मुलांचे गुण कमी यावेत’ असं गृहीतक कृपया मांडू नका. खंबीरतेचा विचार सुरूच होतो तो संकटापासून. बिकट घरातल्या मुलाचे गुण जास्त आले तर प्रश्नावली फसली, असं म्हणता येत नाही. दोन आठवड्यांनी ५०-६० मुलांकडून परत भरून घेतलंत तर स्थिरताही कळेल.

भरून घेताना तुम्ही स्वतः वर्गात उभं राहा. माझ्या सुरुवातीच्या एका कामात मी कागद शाळेत ठेवून आले. एका तुकडीचे जवळपास सगळे कागद सारखे निघाले. वर्गशिक्षकांनी शाळेचं नाव चांगलं दिसावं म्हणून ‘योग्य’ पर्याय सांगितला होता. त्यांचा हेतू वाईट नव्हता, चूक माझी होती. तेव्हापासून मी स्वतः विधानं मोठ्याने वाचते, शिक्षकांना बाहेर बसायची विनंती करते, आणि पहिल्या मिनिटाला सांगते की यात मार्क नाहीत, बरोबर-चूक नाही, नाव लिहायचं नाही. परत भरून घ्यायचं असेल तर नावाऐवजी सांकेतिक क्रमांक.

परवानगीचं तुम्ही काहीच लिहिलं नाही, म्हणून विचारते: मूळ लेखकांची लेखी परवानगी आहे ना? बऱ्याच प्रश्नावल्यांचं भाषांतर परवानगीशिवाय करता येत नाही, आणि कधी कधी मराठी आवृत्ती आधीच झालेली असते, पत्र पाठवलं की कळतं. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे पालकांची संमती आणि १२ ते १८ वयाच्या मुलांची स्वतःची लेखी मान्यता, दोन्ही लागतात. पालकांचं पत्रक मराठीसोबत तेलुगू, कन्नड, उर्दूतही द्या. ‘घरी आधार मिळतो का’ हा प्रश्न वाचून एखादं मूल रडतं, हे घडतं. त्या दिवशी समुपदेशक शाळेत हजर हवेत, आणि प्रत्येक मुलाच्या हातात मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ आणि टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लिहिलेली चिठ्ठी हवी.

वेळेचं म्हणाल तर जून-जुलैत शाळा स्थिरावल्या की मुलांशी बोलण्याच्या दोन फेऱ्या होतात. ऑगस्टमध्ये ३०-४० मुलांवर छोटी चाचणी, आणि मोठा नमुना दिवाळीच्या सुट्टीनंतर, डिसेंबर संपायच्या आत. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत वर्ग अर्धे रिकामे असतात आणि त्यानंतर नववी-दहावीला शिक्षक हात लावू देत नाहीत. तोपर्यंत जुने २१२ कागद काढा आणि प्रत्येक विधानावर कुठल्या पर्यायाला किती खुणा पडल्या, एवढंच मोजा. जिथे सगळे एकाच टोकाला गेलेत, जिथे मुलांनी खाडाखोड केलीय, जिथे जागा रिकामी सोडलीय, ती विधानं पहिल्या मुलीसमोर आधी ठेवा.